सल्लागाराची झोप

"झोपलेला नाही हा," चेकर कुजबुजला. "सोंग आहे."

पुढच्या खोलीत जमिनीवर, स्वतःचीच बॅग उशाला घेऊन, एक चाळिशीचा गुबगुबीत गृहस्थ आडवा पडला होता. खिडकीच्या गजाला आणि पंख्याच्या हुकाला त्याने दोऱ्याने थर्मामीटर टांगले होते, मोजे काढून बुटांत कोंबले होते आणि आता तो संथ लयीत घोरत होता. चेकर पाठीमागे हात बांधून त्याच्या तोंडावर वाकला होता.

"अहो, सरका बाजूला. पाहुणा माणूस आहे," चेकरीणबाई दाराआडून म्हणाल्या.

"पाहुणा जेवून झोपतो. हा न जेवता झोपलाय. आणि अंगठा बघ, उजव्या पायाचा. खऱ्या झोपेत अंगठा बाहेर कलंडतो. ह्याचा सरळ छताकडे बघतोय."

"तुम्ही असे डोक्यावर उभे राहिलात तर मेलेल्याचासुद्धा ताठ होईल."

अंगठ्याचं हे शास्त्र चेकरने शहराच्या बसगाड्यांत कमावलं होतं. सगळी नोकरी त्याने तिकीट तपासण्यात घालवली. त्याचं खरं नाव पोस्टमनलाही आठवत नसे, आणि त्याच हिशोबाने बायको चेकरीणबाई झाली होती. बिनतिकीट माणूस चेकरला पाहून सगळ्यात आधी काय करतो, तर झोपतो. चेहरा झोपवता येतो, घोरणंही जमतं, पण चपलेतला अंगठा कुणाच्या बापाचं ऐकत नाही. त्यामुळे चेकर बसमध्ये चढला की लोकांच्या तोंडाकडे बघायचाच नाही. खाली बघत बघत पुढे जायचा आणि बरोबर पायांच्या एका जोडीपाशी थांबायचा.

त्याच्याबद्दल काय काय सांगत! तो पायरीवर दिसला की ड्रायव्हरसुद्धा खिसे चाचपायचा म्हणे. डेपोतलं एक कुत्रं शेवटच्या सीटखाली झोपून रोज फुकट फिरायचं. चेकरचा बूट वाजला की ते मान खाली घालून स्वतःहून उतरायचं आणि पुढच्या स्टॉपपर्यंत चालत जायचं. कुत्र्याचं सोडून द्या, पण सिनेमाची गोष्ट खरी आहे, कारण ती खुद्द चेकरीणबाई सांगत. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा सिनेमाला गेले, चेकरने दोन तिकिटं काढली, एक तिच्या हातात दिलं, आणि आत शिरताना तिला थांबवून म्हणाला, "दाखव."

आता तो निवृत्त झाला होता. पण ही गोष्ट त्याच्या पायांना कुणी कळवली नसावी. दुपारचं जेवण झालं की पाय डेपोकडे निघत आणि दिवेलागणीला परत येत. तिथे तो कंट्रोलरच्या केबिनबाहेर बाकावर बसून चढणाऱ्या-उतरणाऱ्यांवर नजर ठेवी. आज मात्र डेपोला दांडी होती. घरात एक परका माणूस झोपला होता, आणि तोही झोपणं हेच आपलं काम म्हणणारा.

त्याचं असं झालं. आयुष्यभर भाड्याच्या तीन खोल्यांत काढल्यावर चेकरने शहराबाहेर जमिनीचा एक तुकडा घेतला. अर्थातच बसच्या रस्त्यावर, दारासमोर स्टॉप. घराचा आराखडा त्याने स्वतःच काढला, कारण आराखडे काढणाऱ्यांवर त्याचा विश्वास नव्हता. काढून झाल्यावर त्याने तो कंत्राटदाराला दाखवला. कंत्राटदार बराच वेळ कागद उलटासुलटा फिरवत राहिला.

"साहेब, हॉर्न कुठे बसवायचा?"

खरंच, ती बस होती. लांबोडकं, अरुंद घर. एक दार पुढे, एक मागे. मधून नाकासमोर बोळ, दोन्ही अंगांना खोल्या, म्हणजे पुढे उभं राहिलं की शेवटच्या खोलीत कोण काय करतंय ते दिसावं. आणि रस्त्याच्या बाजूला, पश्चिमेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती काच. काचेमागे चेकरची खुर्ची. आपण काय काढलंय हे त्याला स्वतःला कळलंच नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं की उरलेलं आयुष्य त्या खुर्चीत बसून समोरच्या स्टॉपवर कोण चढलं, कोण उतरलं ते बघायचं. डेपोच्या बाकावर आताशा त्याला कुणी सरकून जागा देत नव्हतं.

लेक इस्पितळात रक्त तपासायची. तिने आराखडा पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"बाबा, पश्चिमेला सगळी काच? ही भट्टी होईल. दुपारी तीननंतर तुम्ही दोघं भाजून निघाल."

"पडदा लावू."

"मग काच कशाला? ते काही नाही, खणायच्या आधी ऊर्जा सल्लागार बघा कुणीतरी."

"तो काय करतो?"

"ऊन कुठून येणार, वारा कुठून येणार, भिंती कशा हव्यात, विजेचा खर्च कसा वाचेल, ते सांगतो."

"ऊन कुठून येतं हे सांगायला माणूस ठेवायचा? ऊन वरून येतं. हे मी फुकट सांगतो."

पण घर आपलं, म्हातारपण आपलं, आणि पैसा पुन्हा उभा राहणार नाही, हे त्यालाही कळत होतं. जमिनीवर चुन्याच्या रेघा मारून झाल्या होत्या. सोमवारी पाया खणायला सुरुवात. एकदा खणलं की मग ब्रह्मदेव जरी सल्ला द्यायला आला तरी उपयोग नव्हता. त्याने कंत्राटदाराला विचारलं.

"सल्लागार?" कंत्राटदार हसला. "साहेब, काचवाल्याकडून कमिशन, वीटवाल्याकडून कमिशन, वर तुमच्याकडून फी. तीन तोंडांनी खाणारा प्राणी आहे तो."

चेकरला हे पटलं. आणि लगेच दुसरा विचार आला, की याला इतकं बारीक कसं ठाऊक? म्हणजे आत्ता ती कमिशनं हाच खात असणार. त्याच्या संशयात पक्षपात नव्हता. सगळ्यांना सारखा वाटून द्यायचा.

लेकीने सल्लागार शोधला. तो फोनवर म्हणाला, "आराखडा नंतर बघू. आधी तुम्ही राहता त्या घरात मला एक दुपार झोपू द्या. त्याचं काही घेत नाही. पटलं तर ठेवा, नाहीतर मी माझ्या वाटेने."

"झोपायचं?"

"प्रत्येक खोलीत थोडं थोडं. माझी पद्धत आहे तशी."

जो आधी पैसे मागत नाही तो नंतर घर मागतो, असं चेकरचं गणित होतं. म्हणून तर तो आज कुत्र्यासारखा राखण करत बसला होता. सल्लागार पुढच्या खोलीत घोरला, मग उठून थर्मामीटर काढून स्वयंपाकघरात जाऊन घोरला, मग मागच्या खोलीत. चेकर त्याच्या मागे मागे खुर्ची घेऊन फिरला. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला, पण त्या अंगठ्यावरची नजर त्याने हलवली नाही.

चार वाजून गेल्यावर सल्लागाराने जांभई दिली, मोजे चढवले आणि आराखडा मागितला. बघून तो हसला नाही. त्यामुळे चेकरचा संशय आणखी वाढला.

"ही काच जायला हवी," सल्लागार म्हणाला. "पश्चिमेची भिंत पूर्ण बंद. आतून कपाटं लावू. घर आडवं वळवू, बसायच्या खोल्या पूर्वेला."

"मग मला रस्ता कसा दिसणार?"

"नाही दिसणार."

"स्टॉप?"

"तोही नाही." त्याने कागदावर बोट ठेवलं. "बरं, या घरात दुपारी तुमच्या बाई कुठे बसणार?"

"बसेल की कुठेही. सगळं घर तिचंच आहे."

"आत्ता कुठे बसतात?"

"घरात."

"घरात कुठे?"

बारा नंबरच्या गाडीत कुठल्या सीटवर कोण बसतं ते चेकरने झोपेत सांगितलं असतं. "ते तुमच्या कामात येत नाही," तो गुरकावला.

"माझं काम तेच आहे," सल्लागार म्हणाला. त्याने आधी काम केलेल्या एका घराचा पत्ता दिला, एका दंतवैद्याचा. "तिथे जाऊन बघा. भर दुपारी जा." दाराशी बूट घालताना तो चेकरीणबाईंशी हळू आवाजात काहीतरी बोलला. त्या मान हलवून हसल्या. चेकरने ते पाहिलं.

"काय म्हणाला?"

"पाणी छान होतं म्हणाला."

झालं. आता कटात बायकोही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी चेकर दंतवैद्याकडे गेला. घराच्या पुढच्या भागात दवाखाना होता. तपासणी करायची तर सरळ सांगून कशी करायची? तो दात दुखतो म्हणून आत शिरला. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं. आत पाऊल टाकल्याबरोबर त्याच्या मानेवरचा घाम वाळला. चेकर सावध झाला. खुर्चीत बसण्याआधी त्याने पडद्यामागे बघितलं, कपाटाच्या वर बघितलं, टेबलाखालीही वाकला.

"काही हरवलंय का?" दंतवैद्याने विचारलं.

"एसी कुठे लपवलाय?"

"नाहीये एसी. आ करा."

"मग गार कसं?"

"आ करा म्हटलं ना. भिंती दुहेरी आहेत, मधे पोकळी आहे. उन्हाच्या बाजूला खिडकी नाही. कुठला दात?"

चेकरने येईल तो दात दाखवला. दंतवैद्याने वाकून बघितलं. "हो, किडलाय खरा. बरं झालं वेळेवर आलात." आता आपला दातही फितूर झाल्याचं पाहून चेकर खचला. मशीन आणायला म्हणून दंतवैद्य आत गेला. चेकरने डोळे मिटले, घराचा आवाज ऐकायला. कुठे तरी एसीची घरघर असणारच. तो ऐकत राहिला.

जाग आली तेव्हा अंगावर पातळ चादर होती आणि समोर दंतवैद्याची म्हातारी आई दोरा गुंडाळत बसली होती.

"उठवलं नाही तुम्हाला," ती म्हणाली. "सगळेच झोपतात हो इथे. जुन्या दवाखान्यात ओरडायचे."

चेकर दुपारचा झोपल्याची ही कोणाच्याही ऐकण्यातली पहिलीच वेळ. चूळ भरायच्या पाण्यात यांनी काहीतरी घातलं असणार, असं म्हणत तो घाईघाईने बाहेर पडला. आणि डेपोकडे वळता वळता थांबला. काल बायको सल्लागाराकडे बघून हसली होती. घरी आपली वाट दिवेलागणीला बघतात. मग आत्ताच का जाऊ नये? अचानक तपासणी हीच खरी तपासणी.

त्याने कुलपाचा आवाज न करता दार उघडलं. पुढच्या खोलीत कुणी नव्हतं. तिथे पाऊल टाकवत नव्हतं इतकी फरशी तापली होती; कालही अशीच तापली असणार, पण काल त्याची नजर अंगठ्यावर होती. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. मागच्या खोलीच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा पलंगावर आडवा पडला होता. चटई जागेवर नव्हती. तेवढ्यात न्हाणीघराच्या अर्धवट लोटलेल्या दारातून आतल्या भिंतीवर सावली हललेली दिसली.

चेकरीणबाई उलट्या बादलीवर बसल्या होत्या. पाय पाण्याच्या टोपात, मांडीवर कोरडा टॉवेल, टॉवेलवर शाळेच्या सदऱ्यांचा ढीग. त्या शिंप्यासाठी बटणं लावायच्या, हे चेकरला माहीत होतं. कुठे बसून लावायच्या ते माहीत नव्हतं. चटई गुंडाळून दाराशी उभी करून ठेवली होती.

"लवकर आलात?" त्यांनी दोरा दातांनी तोडला. "बरं नाही का?"

"तू इथे काय करतेस?"

"दिसतंय की. बटणं."

"न्हाणीघरात?"

"मग कुठे? दोन वाजेपर्यंत पुढची खोली चालते. मग स्वयंपाकघरात चटई टाकते. तिथे ऊन आलं की मागे. मागेही आलं की इथे. इथे ऊन येत नाही."

"रोज?"

"उन्हाळ्यात रोज."

"कधीपासून?"

त्या सुई डोळ्यांपुढे धरून हसल्या. "लेक झाली तेव्हा तिलाही इथेच निजवायचे, परातीत."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही ड्यूटीवर. आणि तुम्हाला बिनतिकीट माणसं दिसतात. मी पासवाली. पासवाल्याला कोण विचारतं?"

चेकर दाराची चौकट धरून उभा राहिला. मग त्याला आठवलं. "तो काल काय म्हणाला तुला? खरं सांग."

"म्हणाला, बाई, दुपारभर चटई ओढल्याचा आवाज ऐकला. शेवटी ती न्हाणीघराकडे गेली आणि परत आलीच नाही."

"म्हणजे जागा होता!" चेकर ओरडला. "मी म्हटलं नव्हतं? अंगठा! मी म्हटलं नव्हतं, सोंग आहे म्हणून?"

"म्हटलं होतंत," चेकरीणबाई म्हणाल्या.

"बरोबर होतो मी."

"होतात की."

त्या पुढचं बटण लावू लागल्या. टोपातलं पाणी त्यांच्या पायांभोवती हललं. चेकर म्हणाला, "ऊठ जरा. मला बसू दे." चेकरीणबाई उठल्या. तो बादलीवर बसला. समोर नळ होता, नळाखाली शेवाळ्याची हिरवी रेघ, आणि दाराच्या फटीतून पलंगाचा एक पाय दिसत होता. बाकी काही नाही. रस्ता नाही, माणूस नाही.

"कशाकडे बघायचं असतं इथून?" त्याने विचारलं.

"सुईकडे," त्या म्हणाल्या.

सोमवारी दुपारी जमिनीवर कंत्राटदार आला, सल्लागार आला, आणि लेक अर्धी रजा टाकून आली. कुदळी आडव्या पडल्या होत्या. सगळे चेकरच्या तोंडाकडे बघत होते.

"ठेवतो तुम्हाला," तो सल्लागाराला म्हणाला. "पण पटलंय म्हणून नाही. लक्ष ठेवायला जवळ असलेले बरे. काचवाल्याकडून कमिशन घेता का?"

"काच तर काढायला सांगितलीय," सल्लागार म्हणाला.

"मग वीटवाल्याकडून."

"बाबा!" लेक म्हणाली.

"तू गप्प बस. दुहेरी भिंत म्हणजे विटा दुप्पट. मी काय दुधखुळा आहे?"

"रोज येऊन मोजा विटा," सल्लागार म्हणाला.

"मोजणारच आहे."

कंत्राटदार खो खो हसत होता. चेकरने त्याच्याकडे रोखून बघितलं. "तुम्ही कशाला हसता? तुमच्याही मोजणार आहे." मग तो रस्त्याकडच्या चुन्याच्या रेघेपाशी गेला. तिच्यावर काचेची खूण होती. त्याने चपलेने ती खूण पुसायला सुरुवात केली. एकदा थांबला, रस्त्यापलीकडे रिकाम्या स्टॉपकडे त्याने पाहिलं, आणि उरलेली पुसून टाकली.

"आता बसायची जागा," सल्लागार म्हणाला. "बाई, पूर्वेच्या अंगाला कुठेही. तुम्ही सांगा, त्याप्रमाणे खिडकी काढतो."

चेकरीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो कंत्राटदाराच्या टेपकडे संशयाने बघत होता. मग त्या निघाल्या. चुन्याच्या रेघा ओलांडून सरळ जाता आलं असतं, पण त्या दारासाठी सोडलेल्या जागेतून आत शिरल्या, पुढे दुसऱ्या दारातून वळल्या आणि कोपऱ्यातल्या एका दगडावर जाऊन बसल्या. थोडं सरकल्या. पुन्हा थोडं. "इथे," त्या म्हणाल्या.

"नक्की?" लेक म्हणाली. "नंतर बदलता येणार नाही हं आई."

"तेच हवंय," त्या म्हणाल्या.

सल्लागार आणि कंत्राटदार कागद घेऊन वाद घालू लागले. किती वेळ लागणार ठाऊक नव्हतं, म्हणून चेकरीणबाईंनी पिशवीतून एक सदरा काढला. अख्ख्या मोकळ्या जमिनीवर अजून एक झाडही नव्हतं. ऊन तिरपं त्यांच्या तोंडावर येत होतं, आणि सुईत दोरा ओवताना त्यांचे डोळे दिपत होते.

चेकर विटांची थप्पी मोजता मोजता उठला आणि येऊन त्यांच्यासमोर उभा राहिला, रस्त्याकडे पाठ करून. त्याची सावली त्यांच्या हातांवर पडली. ऊन सरकलं की तो पाऊलभर सरकायचा.

मागे बस येऊन थांबली. ब्रेकचा आवाज झाला, पायरीवर पावलं वाजली, एकाची, मग आणखी कुणाची तरी. चेकरची मान वळू लागली. खांदा हलला, आणि उन्हाची तिरीप सुईवर येऊन चमकली. चेकरीणबाईंनी डोळे बारीक केले.

त्याने मान सरळ केली. बस निघून गेली. किती उतरले, कोण उतरले, ते त्याने पाहिलं नाही.